मधल्या अणूची जागा

४ मार्च

"...आणि टोकं गोल का आहेत?" मी विचारलं.

पडद्यावर त्याची लूप होती: विद्युतदाब पुढेमागे करत मोजलेल्या भाराची बंद आकृती. तो पडद्याकडे वळला. "थोडी गळती आहे. प्रत्येक नमुन्यात असते."

"तुम्ही वारंवारता बदलून पाहिलीत?"

"पाहिली."

"हळू केल्यावर लूप फुगली?"

पहिल्या रांगेत संचालक होते. त्यांनी मोबाइल उलटा ठेवला.

"फुगली," तो म्हणाला.

"मग ही लूप नाही. त्या यंत्राला सालीसकट केळं लावलं तरी ते अशीच आकृती काढेल."

हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने लेझरवाला हसला. त्याची खोली माझ्या समोर आहे आणि त्याला दुसऱ्याची फजिती फार आवडते. तोही हसला, माझा नवरा. "बरोबर आहे. तपासतो," म्हणाला आणि खडू ठेवून दिला.

सभागृहात आम्ही एकमेकांना तुम्ही म्हणतो. घरी तू.

वाद असा. आमचं ऑक्साइड पेरोव्स्काइट कुळातलं. मधे धातूचा एक लहान अणू, त्याच्याभोवती सहा ऑक्सिजनचा पिंजरा, पिंजऱ्याला पिंजरा जोडलेला. मधला अणू पिंजऱ्याच्या नेमक्या मध्यावर बसला, तर स्फटिक नुसता विद्युतरोधक. पुढे काही नाही. तो एका बाजूला सरकला, आणि बाहेरून विद्युतदाब देऊन दुसऱ्या बाजूला सरकवता आला, तर मोठी गोष्ट. मी गणिताने काढलंय की तो मध्यावर बसतो. नवरा म्हणतो सरकतो. त्याच्याकडे पुरावा म्हणून ही लूप होती; अणू खरंच सरकत असेल तर तिची टोकं टोकदार यायला हवीत.

महिनाअखेरीस समिती त्याची स्फटिक वाढवायची भट्टी ठेवायची की बंद करायची ते ठरवणार आहे. आज त्याला काहीतरी दाखवायला हवं होतं, हे मला माहीत होतं.

तरी मी बोलले. नवरा आहे म्हणून गप्प बसले असते तर उद्या दुसऱ्या गावच्या कुणीतरी हेच विचारलं असतं, आणि तेव्हा कुणी हसलंही नसतं. मी खरं बोलले याचा मला अभिमान आहे. हे लिहून ठेवते, कारण जेवताना तो फार नेहमीसारखा वागत होता.

५ मार्च

सासूबाईंना सगळं कळलंय. त्यानेच सांगितलं, वर हसत सांगितलं.

"नवऱ्याचं चारचौघांत केळं केलंस म्हणे," त्या म्हणाल्या.

"त्याचं नाही. त्याच्या लूपचं."

"वेगळं असतं का ते?" त्या निवृत्त परिचारिका आहेत. दुखतंय तिथेच बोट ठेवायची सवय जात नाही. "आणि येताना भाजी मात्र आठवणीने आणलीस. धन्य आहे बाई तुझी."

"आई, ते काम आहे. कामात नवरा-बायको नसतं."

"मग घरात काम का असतं?"

तो आतून ओरडला, "आई, तिचं बरोबर होतं."

"तू गप रे बाळ्या. तुला लहानपणापासून समोरच्याचंच बरोबर वाटतं."

तो अजून बाळ्या आहे. केस पांढरे झालेत.

७ मार्च

संचालकांनी बोलावलं. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "अभिनंदन मॅडम."

कशाचं, ते मला कळलं नाही.

"भट्टीची खोली मोकळी झाली की तुमची गणनेची नवी यंत्रं तिथे बसवू. वीजजोडणी तयारच आहे. तीन वर्षं जागा मागताय तुम्ही."

मागतेय हे खरं. पण ती खोली नाही.

"समितीची बैठक व्हायचीय अजून," मी म्हणाले.

"हो, हो. होईल." ते हसले. "तुमच्या परवाच्या प्रश्नानंतर काही उरलंय असं मला वाटत नाही. तुमच्यासारखा निःपक्षपातीपणा दुर्मीळ असतो, हे मी समितीत आवर्जून सांगणार आहे."

बाहेर आले तर लेझरवाला दारातच. "काय, घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. तुमच्याकडे नुसती खोली फिरली."

मी त्याला काही बोलले नाही. जिन्यात आठवलं काय बोलायला हवं होतं ते. नेहमी जिन्यातच आठवतं.

घरी सांगितलं नाही. सांगण्यासारखं अजून काही ठरलेलं नाही.

१० मार्च

तो रुसलाय. भांडत नाही, दार आपटत नाही, पण सकाळी माझ्याआधी निघतो, डबा स्वतः भरून. माझाही भरून ठेवतो. संध्याकाळी उशिरा येतो, बाहीला धुराचा वास. विचारलं तर "चाललंय" म्हणतो.

मला वाटतं तो सामान आवरतोय. काल भट्टीच्या खोलीबाहेर रिकामी खोकी दिसली.

मी आत गेले नाही. गेले असते तर काय म्हणाले असते? चूक त्याची होती. सांत्वन केलं तर माझा प्रश्न चुकीचा होता असं होईल, आणि तो चुकीचा नव्हता.

१३ मार्च

शेवटी गेलेच.

खोकी ऑक्सिजनच्या नळकांड्यांच्या जोडांची निघाली. सामान आवरलेलं नव्हतं. मोठी भट्टी थंड होती, तिच्या चारही आरशांवर कापड. ती चालू असते तेव्हा चार दिव्यांचा प्रकाश एका ठिपक्यावर येतो, वरचा दांडा आणि खालचा दांडा यांच्यामध्ये वितळलेला थेंब लोंबत राहतो आणि त्या थेंबातून स्फटिक खाली वाढत जातो. तासाला नखाएवढा. थेंब पडला की पहिल्यापासून. हे काम मला जमलं नसतं. मी लहान चुका दुरुस्त करू शकते. थेंब पडला तर दुरुस्त करण्यासारखं काही उरत नाही.

तो कोपऱ्यातल्या लहान नळीच्या भट्टीजवळ स्टुलावर बसला होता. नळीतून ऑक्सिजन सोडलेला.

"काय करतोयस?"

"तू म्हणालीस गळते. गळती बुजवतोय."

मग कळलं. स्फटिक वाढवताना त्याने आत ऑक्सिजन कमी ठेवला होता. काही पिंजऱ्यांचे कोपरे रिकामे राहिले. जिथून ऑक्सिजन जातो तिथे त्याचे दोन इलेक्ट्रॉन मागे राहतात, कुणाचेच नसलेले, आणि ते भटकतात. विद्युतरोधक मग रोधत नाही. माझं केळं त्यातून आलं होतं. आता तो स्फटिकाला तापवून, हळूहळू ऑक्सिजन परत पाजत होता.

म्हणजे माझ्या प्रश्नाच्या दुसऱ्या दिवसापासून तो हेच करत होता.

कौतुक वाटलं. पण पालथ्या घड्यावर पाणी. गळती बुजेल, केळं जाईल, आणि मग लूपच्या जागी एक सरळ रेघ येईल. कारण अणू मध्यावरच बसलाय. ती रेघ बघताना मी तिथे असायला हवी असं वाटलं. का, ते माहीत नाही.

म्हणाले, "जेवलास का?"

"डब्यात तुझा चमचा आला माझ्याकडे," तो म्हणाला. "शोधत होतीस ना?"

१६ मार्च, रविवार

दुपारी चहाच्या वेळी त्याने खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. आत स्फटिक. गेल्या महिन्यात बघितला होता तेव्हा काळपट निळा होता. आता त्याच्याखाली वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं वाचता येत होती.

सासूबाईंनी चष्मा लावून पाहिला. "काच आहे."

"स्फटिक आहे आई."

"किती दिवस तापवलीस काच?"

मी स्फटिक खिडकीकडे धरला. स्वच्छ विद्युतरोधक असाच असतो. ऑक्सिजनच्या इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या पातळ्या खाली, धातूच्या रिकाम्या पातळ्या वर, मधे दरी. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात ती दरी ओलांडण्याएवढा जोर नसतो, म्हणून तो कुणाला न अडखळता पलीकडे जातो. हे मी शेकडो वेळा शिकवलंय. बोटांत धरलं नव्हतं.

"छान झालाय," मी म्हणाले.

"मोजायचाय अजून." त्याने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "तू एकदा तुझ्या मधल्या अणूला विचार ना, हलायचंय का त्याला."

"विचारलंय."

"त्याला विचारलंस, की नियमाला?"

मला राग आला. तो नियम माझा आहे. म्हणजे सगळ्यांचाच आहे, पण तो नीट मांडणाऱ्यांत मी एक आहे. या कुळातल्या काही ऑक्साइडांत पिंजरे एकमेकांना धरून थोडे वळतात. ते वळले की मधल्या अणूची सरकण्याची ओढ मरते. आमच्या ऑक्साइडात पिंजरे चांगले वळलेले आहेत. अणू गप्प बसणार. एवढं साधं.

"मी तुला भट्टी कशी चालवायची ते सांगते का?" मी म्हणाले.

"सांग की."

सासूबाई म्हणाल्या, "एका म्यानात दोन तलवारी. चहा गार होतोय दोघींचा."

"आम्ही दोघी नाही आई, दोघे."

"तलवारींचं म्हणतेय मी."

१७ मार्च

काम सुचलं नाही. त्याला गप्प करायचं म्हणून जुनी गणनेची फाइल उघडली. जुनी म्हणजे या जानेवारीतली.

सममिती: चालू.

ती ओळ पुन्हा वाचली.

वळलेल्या पिंजऱ्यांची रचना मोठी असते, गणना महाग पडते. सममिती चालू ठेवली की यंत्राला अर्धंच काम करावं लागतं. उरलेला अर्धा भाग आरशातल्यासारखा तसाच धरला जातो. पण आरसा धरला की मधल्या अणूला डावीकडे ओढणारं बळ आणि उजवीकडे ओढणारं बळ सारखंच निघणार. तो मध्यावर बसणारच. दुसरीकडे जायची त्याला मुभाच नव्हती. मी खुर्चीला बांधलेल्या माणसाला विचारलं होतं, उठायचंय का? आणि तो उठला नाही हे उत्तर म्हणून लिहून घेतलं होतं.

विद्यार्थ्याने हे केलं असतं तर मी काय बोलले असते, तेही मला माहीत आहे.

माझ्याशिवाय कुणी ही फाइल उघडणार नाही. समिती आठवड्याभरात बसेल, भट्टी बंद होईल, स्फटिक कुठल्यातरी कपाटात जाईल, खोलीत माझी यंत्रं येतील. माझा प्रश्न खरा होता, तो खराच राहील. मला कुणापुढेही खोटं बोलावं लागणार नाही. नुसतं गप्प बसायचं.

हा विचार मी केला. किती वेळ केला ते लिहीत नाही.

मग सममिती बंद केली, मधल्या अणूला मध्यावरून जरासा ढकलून ठेवला आणि गणना लावली. त्याला सांगितलेलं नाही. उत्तर न बघता सांगणं म्हणजे नुसती माफी. उत्तर हातात घेऊन जाईन.

१९ मार्च

गणना चालू आहे.

सासूबाई म्हणाल्या, "बाळ्या कालपासून शीळ घालतोय. भट्टी बंद होणार म्हणून कुणी शीळ घालतं का?"

"काही माणसं काळजीत शीळ घालतात," मी म्हणाले.

"माझा मुलगा आहे तो. काळजीत नखं खातो."

त्यांना काय सांगणार. पंधरा वर्षांच्या संसारात मी त्याला त्यांच्यापेक्षा वेगळा ओळखते. तो हरल्याचं दाखवत नाही, एवढंच. संध्याकाळी त्याला विचारलं, "मोजलास का?" तो नळाखाली हात धूत होता. म्हणाला, "तुझं काय चाललंय?" मी म्हणाले, "काही नाही." तो म्हणाला, "माझंही तेच."

त्याने पुढे विचारलं नाही, याचं बरं वाटलं. शीळ मात्र खरंच घालतो. बेसूर.

२१ मार्च

हलला.

ढकलला होता तिथून परत आला नाही. उलट पुढे सरकला, मग थांबला: मध्यापासून अँगस्ट्रॉमच्या एक दशांशाहून थोडा जास्त. सरकलाय रचनेच्या लांब बाजूने. पिंजरे वळलेलेच आहेत. माझा नियम म्हणतो असं होत नाही. या ऑक्साइडाने माझा नियम वाचलेला नाही.

पहिल्यांदा वाटलं माझीच दुसरी चूक. पुन्हा तपासलं, उलट दिशेने ढकलून. तसाच सरकला, उलट्या बाजूने.

मग इलेक्ट्रॉन कुठे गेलेत ते काढून पाहिलं. आपण या पदार्थांना आयनी म्हणतो: धातूने इलेक्ट्रॉन दिले, ऑक्सिजनने घेतले, हिशेब मिटला, आता फक्त विरुद्ध भारांचं आकर्षण. तेवढंच असतं तर अणू मध्यावर खूश राहिला असता. पण नकाशावर दिसत होतं: ज्या ऑक्सिजनजवळ धातू सरकला, त्या ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन धातूच्या रिकाम्या जागेत थोडे कलले होते. दिले असं म्हणता येणार नाही. आपल्याकडेच ठेवून पुढे केले. त्या थोड्याशा कलण्यात बंध होता, आणि त्या बंधाने अणूला मध्यावरून उठवलं होतं. हे पाठ्यपुस्तकात आहे. मी स्वतः शिकवते. आज खरं वाटलं.

खाली गेले. तो स्टुलावर.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "लूपबद्दल नाही. ते केळंच होतं. अणूबद्दल. मी सममिती चालू ठेवली होती."

त्याने स्टूल माझ्याकडे वळवलं. मग, "किती सरकतो?"

मी सांगितलं.

"एवढंसं?"

"एवढंसं पुरतं."

"कुठल्या दिशेने?"

"लांब बाजूने. दुसऱ्या दिशेने मोजलंस तर जवळजवळ काही दिसणार नाही."

"ध्रुवीकरण किती यायला हवं?"

अणू सरकल्याने स्फटिकाच्या दोन बाजू किती भारित होतील, तो आकडा मी सांगितला. त्याने मला फळ्यावर लिहायला लावला, तारखेसकट. मी हसले. तो हसत नव्हता. माझ्याकडे असा बघत होता की मला पदर नीट आहे का ते पाहावंसं वाटलं.

"आता मोजू," तो म्हणाला.

आणि दुपारीच मोजून झालं. मला वाटलं होतं आठवडा लागेल. कापायचा, घासायचा, दोन्ही बाजूंना चांदीचा लेप, तो वाळायचा. पण स्फटिक कापलेला होता, लेपही वाळलेला होता, आणि नशीब असं की कापही नेमका त्याच दिशेने पडला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "कुठूनतरी कापायलाच हवा होता."

लूप आली. टोकं टोकदार. वारंवारता हळू केली, फुगली नाही. खूप हळू केली, नाही फुगली. आकडा फळ्यावरच्या आकड्याच्या अगदी शेजारी.

मी ओरडले. तो ओरडला नाही, नुसता मान हलवत राहिला, माझ्याकडे बघत. बिचारा, त्याला अजून विश्वास बसत नसावा.

मला फार अभिमान वाटला. गणिताचा वाटला, पण त्याहून त्याच्या हातांचा. दोन-तीन नळकांडी ऑक्सिजन आणि एक स्टूल एवढ्यावर त्याने तो दगड पाण्यासारखा केला होता. त्याला मोजायला उशीर झाला ते एका परीने बरंच झालं. आधी मोजलं असतं तर मी आकडा त्याच्या लूपला जुळवून घेतला, असंच लेझरवाला म्हणाला असता. मी आधी लूप पाहिली असती तर मलाही आयुष्यभर तीच शंका राहिली असती.

२४ मार्च

समिती. मी वेळ मागून घेतली होती.

संचालकांना वाटलं मी खोलीबद्दल बोलणार. मी सममितीबद्दल बोलले. फाइलमधली ओळ पडद्यावर दाखवली.

"म्हणजे मॅडम, तुम्ही त्या दिवशी चुकलात?" संचालक म्हणाले.

"लूपबद्दल बरोबर होते. अणूबद्दल चुकले. त्या दिवशी यांचा पुरावा चुकीचा होता आणि निष्कर्ष बरोबर. माझा प्रश्न बरोबर होता आणि गणित चुकीचं."

"मग जिंकलं कोण?" लेझरवाला.

"स्फटिक."

हसले सगळे. मी पुढे म्हणाले की असा स्फटिक वाढवू शकणारी ही एकच भट्टी आपल्याकडे आहे, आणि ती चालवू शकणारा एकच माणूस. ती बंद करून त्या खोलीत माझी यंत्रं ठेवली तर ती यंत्रं कशाची गणना करणार? मला ती खोली नको.

"घरी जेवायला मिळावं म्हणून का मॅडम?" लेझरवाला.

"स्वयंपाक तेच करतात," मी म्हणाले. या वेळी जिन्यापर्यंत थांबावं लागलं नाही.

संचालकांनी त्याला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

तो उठला. कागद नव्हता हातात. "एवढंच, की मॅडमनी आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा त्यांनी माझी कुठलीही नवी लूप पाहिलेली नव्हती. हे मी खात्रीने सांगू शकतो. असं भाकीत मी माझ्या कामात पहिल्यांदा बघितलं."

वाक्य जरा वेडंवाकडं होतं. सरळ "भाकीत आधी, मोजमाप नंतर" म्हणता आलं असतं. त्याला बोलता येत नाही सभेत. पण बसताना त्याची मान ताठ होती. शेवटी स्वतःच्या कामाचा अभिमान वाटला त्याला, हे बघून मला बरं वाटलं.

निर्णय उद्या कळवतो म्हणाले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय रे, खूश?"

"खूप," तो म्हणाला. "तू काय बोललीस!"

रात्री सासूबाईंनी विचारलं काय झालं. मी सांगायला लागले. त्यांनी मला थांबवलं आणि त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "सांगितलंस का तिला?"

"काय आई?" मी विचारलं.

"भाजी आणायची," तो म्हणाला.

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "असू दे. उद्या मी आणते."

२५ मार्च

सकाळी निरोप आला. भट्टी राहणार. माझ्या यंत्रांना तळमजल्यावर पंपाशेजारची खोली मिळाली. तिथे खिडकी नाही. तो माझ्याआधी निघाला होता. मी पोचले तेव्हा आरशांवरची कापडं काढलेली होती, दिवे लागलेले होते आणि थेंब धरला होता.